चुंबक

बेर्मेओच्या दुकानात इत्सियार उभी आहे
तीन शेगड्यांपुढे, ओल्या छत्रीसकट.

गॅस तिच्या ओळखीचा.
ज्योत बारीक केली की कुजबुजते,
कानानेही आच कळते.
सिरॅमिकची काच लालबुंद होते
आणि बंद केल्यावरही
रुसलेल्या माणसासारखी आतून धुमसत राहते.
तिसरी इंडक्शन. विकणारा पोरगा
पातेलं उचलून शेगडीवर बोट टेकवतो,
"बघा, नुसती कोमट!"
पातेल्यातलं पाणी अजून खदखदतंय.

"मातीचं भांडं?"
"नाही चालत. बुडाला चुंबक चिकटायला हवा."

म्हणजे सासूचं ते पसरट भांडं गेलं.
त्यातच कोल्दो करायचा कॉड:
तेल, लसूण, मग मनगटानं
गोल गोल, गोल गोल,
तेल दाटून दुधाळ होईपर्यंत.
बोटीवर वीस खलाशांना रांधलेला हात तो.

या महिन्यात दोनदा
बटण उघडं, ज्योत नाही,
घरभर वास,
आणि कोल्दो खिडकीशी, परतणाऱ्या बोटी मोजत.

"आणि वर भांडंच नसेल तर?"
"आपोआप बंद. तुम्ही विसरलात
तरी ती विसरत नाही,"
पोरगा पावती शोधता शोधता म्हणतो.

घरी ती एकेका बुडाला चुंबक लावून बघते.
कढई चालेल. लहान पातेलं नाही.
कोल्दो मागून येतो, तिच्या हातून चुंबक घेतो,
स्वतःच्या कपाळाला लावतो.
"मी चालेन का गं?"

चुंबक घसरतो.
ती तो झेलते, पुन्हा तिथेच लावते,
आणि तळहातानं दाबून धरते.