भरती-ओहोटीचा तक्ता

दुधाच्या हिशेबाशेजारी, त्याच खिळ्याला
मी भरती-ओहोटीचा तक्ता टांगलाय.
इथून समुद्र आठशे किलोमीटर.
दूधवाला विचारतो,
"हे कायचं टाइमटेबल होय वो मॅडम?"
"पाण्याचं."
त्याला वाटतं, महापालिकेच्या नळाचं.

मेयोच्या लॅबमध्ये दिवसभर मी
लोकांचं रक्त फिरवते, आकडे लिहिते.
घरी आल्यावर स्वतःचे:
वय त्रेचाळीस, वजन एकसष्ट,
धरमतर ते गेटवे छत्तीस किलोमीटर,
आजवर सलग पोहले ते अकरा.
छत्तीस वजा अकरा
मी औषध कंपनीच्या कॅलेंडरमागे
दहा महिन्यांत वाटून टाकलेत,
आई सणाचा गूळ वाटायची तसे,
आधी मनात, मग हाताने.

एप्रिलच्या रकान्यात लिहिलंय: थंडी शिकायची.
नागपुरात. एप्रिलमध्ये.
ढोबळे सर हसले नाहीत.
कारखान्यातून बर्फाच्या दोन लाद्या आणल्या,
गच्चीवरच्या टाकीत गळ्यापर्यंत बसले,
दात वाजेस्तोवर पाढे म्हटले, एकोणिसाचे.

मे महिन्यात कूलरच्या टाकीत तोंड बुडवून
श्वास धरायचा.
नाकात खस जाते.
बाहेर शहर सेहेचाळीसवर,
आत मी एक मिनिट चाळीस सेकंद
ठार बहिरी, हिरवी, गार.

पुढचं पान गिचमिड आहे.
खांदा दुखावला. तीन आठवडे नुसत्या रेघा.

खाऱ्या पाण्याने जीभ सुजते म्हणतात,
म्हणून रोज रात्री मिठाची चूळ.
तर्री-पोहे बंद, हे मात्र कुठेच लिहिलं नाही.
लिहिलं असतं तर मोडलं असतं.
पोस्टातली आरडी नोव्हेंबरात सुटते:
होडी, नावाडी, निरीक्षक, तीन तिकिटं.
गळ्यातला गोफ हिशेबात धरलेला नाही.
अजून तरी.

"सगळं लिहिलंस," सर म्हणाले,
"थांबायचं कुठे, ते लिही."

चार रात्री तो रकाना कोरा.

बाबांनी गोळीबार चौकात चाळीस वर्षं माग चालवला.
समुद्र पाहिला नाही, पोहता येत नाही.
होडीत तेच बसणार आहेत.
रविवारी अंबाझरीच्या काठावर उकिडवे बसून
ते माझे हात मोजतात,
मिनिटाला अठ्ठावन्न, सत्तावन्न,
दर शंभराला एक चिंचोका
डाव्या खिशातून उजव्या खिशात.
फिरायला आलेले लोक काहीबाही विचारतात.
बाबा बोलत नाहीत. बोललं की मोजणी चुकते.

पाचव्या रात्री त्यांनी कॅलेंडर पालथं केलं.
"हे काहून कोरं ठेवलं?"
आणि सहीपुरत्या अक्षरात, पेन दाबून दाबून,
आकडा घातला: ४४.
"याच्या खाली गेली का मी हात वर करतो.
तू नाही. मी."

"आणि किनारा दिसत असला तर?"

ते बराच वेळ बोटांकडे पाहत राहिले.
"धागा तुटल्यावर कोणीबी माग थांबवते, पोरी.
तुटाच्या आंधी थांबवा लागते."

आज अंधारातला पहिला सराव.
पहाटे साडेचार. काठ नव्हताच,
फक्त कुठेतरी एक विडी लाल होत होती, विझत होती.
मी श्वासाला मान वळवायची तेव्हा
ती कधी असायची, कधी नसायची.
पाण्यात भीती वाटली. ते लिहायला कॅलेंडरवर जागा नाही.

वर आले तेव्हा बाबा म्हणाले,
"पन्नास. मधात एकदा सत्तेचाळीस झाली होती."
आणि थर्मासचं झाकण पुढे केलं.

तक्त्यावर आजची ओहोटी सहा वाजून बारा मिनिटांनी.
तिकडे आता पाणी मागे सरत असेल.
मी केस पुसले, ओळखपत्र गळ्यात अडकवलं,
ड्यूटीला गेले.