चहा चाखणाऱ्याची सर्दी

मे महिना. पहिली खुडणी.
रिझेच्या उतारांवरून हिरवी पोती खाली येतायत
आणि रिफ्की बे माझ्या काउंटरसमोर उभा,
डोळ्यांत पाणी, नाकाचा शेंडा सोललेला.
म्हणतो, "म्युकेर्रेम हानिम, अँटिबायोटिक द्या. कडक."

बावीस वर्षं हा माणूस नाकावर पोट भरतोय.
रोज सकाळी चाळीस पेले,
चमच्याने सुर्रकन ओढायचं, थुंकायचं,
आणि सांगायचं: ही पानं रात्रभर ओली पडली होती,
ह्यांना भट्टीत घाई झाली.
आज त्याला चहा काय नि कोमट पाणी काय.

नाही देणार, मी म्हटलं.
हा विषाणू आहे,
तुमची कडक गोळी त्याच्या केसालाही धक्का लावणार नाही.
अंग मोडून आलंय ना, पॅरासिटामॉल घ्या.
त्या लिंबाच्या चवीच्या पुडीतही तेच असतं,
दोन्ही एकदम नको.
पाणी उकळा, निववा, मीठ घाला, नाक धुवा.
हे थेंब तीन दिवस. चौथ्या दिवशी मागायला आलात
तर दुकान बंद आहे असं समजा.
रात्री खोकल्याला चमचाभर मध.
ताप हटलाच नाही, दम लागला, छातीत दुखलं,
तर माझ्याकडे नका येऊ, थेट दवाखाना गाठा.
बाकी झोप.

"झोप?"
जणू मी शिवी दिली.
"खुडणी चालू असताना?"

घरी बायकोने त्याच्या पायमोज्यांत कांद्याच्या चकत्या भरल्या.
हे त्यानेच सांगितलं, खाली बघत.
मी हसले नाही.
कांद्याने नाक सुटत नाही,
पण मध्यरात्री कुणीतरी उठून तुमच्यासाठी कांदा चिरतं,
ह्याची गोळी मी कुठल्या फळीवरून काढून देणार?

नवव्या दिवशी तो आला. आवाज अजून घोगरा.
"काल जिन्यात कुणाचं तरी दूध करपलं होतं,
मी तिथंच थांबलो, हुंगत,
वरच्या बाईला वाटलं मी चोर."
आणि चहा?
"चहा अजून अर्धाच येतोय."
तरी खिशातून पुडी काढली, माझ्या नाकाशी धरली:
"बघा, ह्या वर्षीचा."

मी डोळे मिटले, मान हलवली.
सुंदर, म्हटलं.
कालपासून माझंच नाक चोंदलंय, हे नाही सांगितलं.

संध्याकाळी शटर ओढलं.
मागे गोळ्यांच्या, थेंबांच्या, पुड्यांच्या सात फळ्या.
कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे थांबले,
अर्धा किलो कांदे घेतले.