मंगळवारचा काटा

मंगळवारी दहाला मी बालकेंद्राचं कुलूप काढते.
खुर्च्या पाच वर्षांच्या मापाच्या;
मोठी माणसं त्यांच्यावर
गुडघे हनुवटीशी घेऊन बसतात.
ग्रिम्सबीच्या धक्क्यावरचा मासळीचा वास
दारापर्यंत येतो.
आत रंगाचा, ओल्या वाळूचा,
हीटरवर वाळणाऱ्या मोज्यांचा.

लेटन तीन मंगळवार आला.
पहिल्यांदा म्हणाला, हातमोजा हरवलाय.
दुसऱ्यांदा, बस चुकली, जरा ऊब हवी.
तिसऱ्यांदा काहीच न बोलता
जॅकेटची चेन वीतभर खाली ओढली:
आत ओटिस, सात आठवड्यांचा,
टपालाच्या तिकिटासारखा छातीला चिकटलेला.

आई कुठंय, असं ब्रोना नर्सनं विचारलं नाही.
म्हणाली, काटा जड आहे, हात लावतोस?

रात्रभर कारखान्यात माशांचे काटे काढणारे हात
या काट्यापाशी थरथरले.

चार किलो सहाशे.
लाल वहीत तिनं टिंब टाकलं,
मागच्या टिंबाला जोडलं. रेघ वर चाललेली.
"पोरगं झकास आहे.
आता घरातल्या बाकीच्यांचं सांग."

तो वाळूच्या टेबलाकडे बघत राहिला.
कुणीतरी तिथं चमचा पुरला होता,
दांडा तेवढा वर.
"टॅमझिन उठत नाही.
पाजते, आणि भिंतीकडे वळते."
मग खूप वेळानं,
"म्हणते, मी नसले तर बाळाचं बरं होईल."

मी रजिस्टरात मान घातली.

दवाखाना दोन बस पलीकडे.
तिथं जायला पत्र लागतं,
पत्राला उत्तर लागतं,
उत्तराला उठून बसणारं कुणीतरी.

ब्रोनानं कोट चढवला.
रांगेतल्या सहा आयांना म्हणाली, थांबाल ना?
कुणी घड्याळ पाहिलं नाही.
एकीनं पाहिलं, पण बाही लगेच खाली ओढली.
त्यांचं दार इथून एकशे चाळीस पावलं;
मी नंतर मोजली.

रजिस्टरात एक रकाना असतो, येण्याचं कारण.
वजन, लस, दात, स्तनपान,
यांतलं एक खूण करायचं.
मी खाली बारीक अक्षरात लिहिलं:
हातमोजा.

मार्चच्या शेवटी टॅमझिन आली.
छोट्या खुर्चीवर बसली,
कोट काढला नाही, बोलली नाही,
अर्धा कप चहा प्याली.

उरलेला मी
संध्याकाळपर्यंत ओतला नाही.