अर्धा

माझ्या नावापुढे छापलेलं असतं : शून्य पूर्णांक पाच.
परगावच्या तज्ज्ञांनी माझी बोटं ओढून पाहिली,
दंड दाबले, ढकल म्हणाले, अजून ढकल,
आणि कागदावर एवढंच उरलं.

अम्मा तेव्हा पानांवर ओलं गोणपाट टाकत होती.
म्हणाली, अर्धा म्हणजे छाट का रे नागनाथ?
कारखान्यात चेकर तिच्या हजारातल्या
पन्नास-साठ विड्या बाजूला सारतो,
त्यांना छाट म्हणतात. त्यांचे पैसे नसतात.
मी म्हटलं, नाही. मैदानात चौघं,
चौघांची बेरीज आठाच्या वर जाऊ द्यायची नाही.
साडेतीनचा सिद्राम खेळवायचा
तर हिशेबाला कुणीतरी अर्धा लागतोच.
तिने दोरा दातांनी तोडला.
मग तू चिल्लर, म्हणाली.

तसंच आहे ते.
वळसंगच्या विहिरीत बारावीच्या सुट्टीत सूर मारला,
पाणी उतरलं होतं. त्याबद्दल इतकंच.

माझं काम अडवायचं.
खुर्चीच्या पुढचा लोखंडी आकडा
समोरच्या तगड्या गड्याच्या चाकात घालायचा
आणि धरून ठेवायचं त्याला, सात सेकंद, नऊ,
तो शिव्या देतो त्याच्या भाषेत, मी माझ्या,
तोवर सिद्राम मांडीवर चेंडू घेऊन रेषेपार.
टाळ्या तिकडे.
मी अजून त्या माणसाच्या चाकात.

खुर्चीवर खुर्ची आदळली की
पाहायला आलेले लोक डोळे मिटतात.
मी साखर पेठेत वाढलो, भिंतीपलीकडे सोळा माग.
आम्हाला जाग यायची ती
लाइट जाऊन आवाज थांबला की.

सराव मंगल कार्यालयात,
लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी.
मॅनेजर पंचांग बघून फोन करायचा.
रात्रीची पंगत झाडलेली, तरी कोपऱ्यांत अक्षता,
पिवळे तांदूळ बारक्या चाकांत जाऊन बसायचे.
आणि एप्रिल. बेचाळीस, त्रेचाळीस.
मला घाम येत नाही.
मान मोडली तेव्हा अंग ते विसरलं.
आतून तवा तापत जातो, वर कातडी कोरडी,
डोळ्यांपुढे पत्रे चमकायला लागतात.
अम्मा विडी घरकुलातून रिक्षाने यायची,
पानांवर मारायची तीच फवाऱ्याची बाटली घेऊन.
मानेवर, दंडांवर, कानांमागे.
वाळलं की चुरा होतं, एवढंच म्हणायची,
मला की पानाला, मी कधी विचारलं नाही.

बारा वर्षं.
दोनदा छातीवर देशाचं नाव.
माझे सगळे मिळून गोल अकरा. अकराही आठवतात,
सातवा तर चुकून झालेला.
पण लोकांना सांगतो ते वेगळंच :
कुठल्याशा थंड देशात, चकचकीत लाकडी फरशीवर
माझ्या चाकातून काहीतरी पडलं.
पंचाने शिट्टी मारली. घड्याळ थांबलं.
तो वाकला, चिमटीत धरून उजेडात नेलं,
हे काय म्हणून विचारलं.
तांदूळ, मी म्हटलं. आमच्याकडे कुणाचं तरी लग्न.
त्याने तो दाणा खिशात टाकला.
फेकला नाही, हे मी पाहिलं.

आता खांदे रात्री बोलतात.
मंद्रूपचा श्रीशैल येतो माझ्या जागी,
टाकीवरून पडलेला, एकोणीस वर्षांचा.
त्यालाही कागदावर अर्धाच मिळाला,
चार दिवस जेवला नाही.
मी त्याला काही समजावलं नाही.
माझा जुना आकडा त्याच्या खुर्चीला बसवला
आणि म्हटलं, ये, मला अडव.

अम्माची बोटंही आता मिटत नाहीत,
चाळीस वर्षं विड्या वळल्या.
ती बाटली तिच्या दोन तळव्यांत धरते,
मी माझ्या दोन तळव्यांत झाकण फिरवतो.
कधी निघतं.
कधी शेजारच्या पोराला हाक मारावी लागते.