सही येती मला

अक्कोळ रस्त्याला, पिठाच्या गिरणीला चिकटून
माझी आठ बाय दहाची खोली : एक संगणक, एक प्रिंटर,
आणि लाल उजेडाचं ते काचेचं यंत्र,
ज्याला सगळी निपाणी थंब म्हणते.

बायाक्का शिंत्रे तिसऱ्यांदा आल्यात.
पहिल्यांदा लाईट नव्हती, दुसऱ्यांदा सर्व्हर.
आज दोन्ही आहेत,
म्हणून चप्पल बाहेर काढून आत येतात.

उजवा अंगठा. लाल.
डावा. लाल.
मग तर्जनी, मधलं, करंगळीसुद्धा.
दहाही बोटं विचारून झाली,
यंत्राला एकही ओळखीचं निघालं नाही.

एक्केचाळीस वर्षं तंबाखू, पान, दोरा.
हजार विड्यांची तोंडं रोज दुमडताना
बोटांवरच्या रेषा एकेक करून
कुणाकुणाच्या ओठांवर जळून गेल्या.

पडद्यावर कन्नड उमटतं. मी वाचतो : मत्ते प्रयत्निसि.
"काय म्हणतंय?"
पुन्हा प्रयत्न करा म्हणतंय, आक्का.
"त्यातलं प्रयत्न कळलं मला.
तेवढं दोन्हीकडं सारखंच हाय."

लिंबाची फोड देतो. ओलं फडकं देतो.
गिरणीतला दस्तगीर पांढऱ्या भुवयांनी डोकावतो :
खोबरेल लावून बघा की.
बोटांना वास उरतो तो जर्द्याचाच.

दुसरी वाट आहे, मोबाईलवर आकडे येतात, ते सांगायचे.
पण जोडलेला नंबर मुलाचा. मुलगा वास्कोला, बंदरात.
रिंग जाते. जात राहते.
तो उचलतो तेव्हा आकडे शिळे झालेले असतात.
दहा मिनिटंच चालतात ते, आक्का.
"दहा मिनिटात तर भाकरी बी शिळी हुईत न्हाई."

मग त्या पिशवीतून चष्मा काढतात, माझं पेन मागतात.
"सही येती मला."

संपाच्या वर्षी वखारीमागं, कंदिलाच्या उजेडात
बायकांची शाळा भरायची.
अंगठा उठवणाऱ्यांना मुकादम हसायचा,
म्हणून महिनाभर पाटीवर फक्त स्वतःचं नाव.
पगाराच्या दिवशी त्यांनी शाईची डबी परत सरकवली
आणि सही केली.
मुकादमानं ती दोनदा वाचली.

त्या सांगतात, मी ऐकतो.
माझ्या पडद्यावर सहीला रकाना नाही.

"आठ दिवस विडी न्हाई वळली तर
रेषा परत येत्यात म्हणं?" उठता उठता विचारतात.
येतात, आक्का. कधी कधी.
आठ दिवसांच्या आठ हजार विड्या.
गुणाकार मनातच करतो.

त्या गेल्यावर, कशाला कुणास ठाऊक,
मी माझाच अंगठा काचेवर ठेवला.
हिरवा. लगेच.
इतका लगेच, की मी हात मागे घेतला.
या अंगठ्यानं जन्मात एक पान दुमडलं नाही.
ज्या सुपावर माझी फी वळली गेली
ते आईचं सूप अजून माळ्यावर आहे, पालथं.

टेबलावर पावतीच्या पाठीवर निळं नाव राहिलंय :
बायाक्का रामू शिंत्रे.
क्क जरा मोठा, शिच्या वेलांटीला जागा पुरलेली नाही.
मी ती पावती फाईलला लावणार आहे.
कुठल्या, ते अजून ठरत नाही.