चूद्दाम

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
मला काम मिळालं ते चुका शोधायचं.
काचेचं टेबल, खाली दोन ट्यूबलाइट,
वरून टॉवेल सरकत जायचा
आणि मी, पोलीस भरतीत दोनदा नापास झालेला,
खडूनं गोल काढायचो.
इथं लूप सुटला. इथं तेलाचा डाग.
इथं आडवा धागाच गायब.
पहिल्या आठवड्यात इतके गोल काढले
की सुपरवायझर म्हणाला, नजर चांगली आहे बे तुझी.
आत कुठंतरी गार वाटलं.
जग फसलेलं आहे हे मला ठाऊकच होतं,
आता त्याचा पगार मिळत होता.

माझे गोल शेजारच्या टेबलावर जायचे,
नर्सम्मा गुंडेटीकडे.
वीस वर्षं विड्या वळून तिची बोटं बोथट झालेली,
तरी चिमटा धरावा तर तिनंच.
टॉवेल उजेडासमोर धरायची, मान तिरकी करायची
आणि स्वतःशीच म्हणायची, चूद्दाम.

तेलुगूत चूद्दाम म्हणजे बघूया.
होईल, असं नाही.
होणार नाही, असंही नाही.
बघूया.
आणि मग ती खरंच बघायची,
हे मला फार उशिरा कळलं.
आम्ही सगळे बघूया म्हणतो आणि पाठ फिरवतो.

भिंतीवर मालकानं पोस्टर लावलेलं होतं:
उगवता सूर्य, खाली मोठ्या अक्षरात
‘सकारात्मक राहा’.
पंख्याच्या वाऱ्यानं त्याचा एक कोपरा
दिवसभर फडफडायचा.
काय लिहिलंय रे त्याच्यावर, तिनं एकदा विचारलं.
मी वाचून दाखवलं. ती मनापासून हसली.
मग स्टुलावर चढून
चिकटपट्टीनं तो कोपरा बसवला
आणि खाली उतरून कामाला लागली.

विडी घरकुलात मी तिच्याच गल्लीत राहायचो.
पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री दोनला.
कधी सहाव्या दिवशी. कधी नाहीच.
आज येईल का हो, मी विचारायचो.
चूद्दाम.
पण तिच्या दारात संध्याकाळपासूनच
घासलेल्या घागरी ओळीनं मांडलेल्या असायच्या,
तोंडं वर करून,
आणि माझी बादली मोरीत पालथी.

नवरा कधीचा गेलेला. लेक भिवंडीला,
महिन्याला एक फोन, तोही दोन मिनिटांचा.
ती सुखी होती असं मी म्हणणार नाही.
कधीकधी डब्यातली कडक भाकरी
शेंगाचटणीत बुडवता बुडवता
तशीच थांबायची,
आणि तेव्हा तिच्याशी कुणी बोलायचं नाही.

एप्रिलमध्ये पारा चव्वेचाळीसवर गेला,
वीज जाऊन येऊन होती,
एक्स्पोर्टचा लॉट रात्री निघायचा होता.
एक टॉवेल तिच्या हातात अडकला.
सुई घातली, उसवलं, पुन्हा घातली.
तासभर गेला असेल.
मी म्हटलं, नर्सम्मा, सोडा की आता.
तिनं काही उत्तर दिलं नाही.
शेवटी चष्मा काढून पदरानं पुसला,
शिक्का उचलला
आणि स्वतःच्या हातानं त्यावर मारलं, ‘सेकंड’.

मला वाटलं आता फेकेल.
तिनं तो काचेवर पसरला,
तळहातानं सुरकुत्या काढल्या,
कडेला कड जुळवून घडी घातली
अगदी पहिल्या नंबरच्या मालासारखी,
आणि म्हणाली, पुढचा दे.

सेकंडचा माल मंगळवार बाजारात
हातगाडीवर किलोनं जातो.
त्यातला तो एक मी आधीच मागून घेतला,
पन्नास रुपयांत.
त्याला आता आठ वर्षं झाली.
कोपऱ्यातली ती चूक अजून दिसते,
बोटाला लागतेसुद्धा.

पहाटे तोंड धुतो, पुसतो.
कोरडं होतं.