अर्धा अथर

बाहेर शेहेचाळीस. आत अठरा.
मे महिन्यात मस्कतमध्ये मी स्वेटर घालून बसते
आणि लोकांची पेनं काढून घेते.
पेन्सिल देते, टोक केलेली.
बाटली बाहेर. बॅग कपाटात.
हात धुऊन, कोरडे करून या. हातमोजे नकोत,
मोज्यांनी कागद फाटतो,
हे दिवसातून सहादा सांगते,
तीन भाषांत, त्यातल्या दोन मोडक्या.

अरबीत प नाही. म्हणून बिल्ल्यावर मी
बेदनेकर. नऊ वर्षांत ओ द्यायची सवय झाली.

दर मंगळवारी हमूद बिन सालिम येतात,
इझकीच्या पलीकडून कुठून तरी, दोन तास गाडीनं.
त्यांचं मागणीपत्र मी आधीच भरून ठेवते.
वही एकच. फलजची:
डोंगराच्या पोटातून गावात आणलेल्या पाण्याचे हिस्से,
कुणाला किती, कोणत्या वारी.
पान एकतीस, ओळ सातवी.
आजोबांचं नाव, आणि पुढे: अर्धा अथर.
म्हणजे पाव तास पाणी.

चष्मा ते विसरतात. माझ्या खणात एक जादा आहे,
कुणीतरी विसरून गेलेला, कुणी न मागितलेला.
तो लावून ते बोट कागदाच्या वर धरतात,
टेकवत नाहीत.
बोटाची सावली ओळीवरून सरकत जाते.
पंधरा-वीस मिनिटं. मग शुक्रन, आणि खिशातले खजूर.
(खजूर वाचनकक्षात चालत नाहीत.
मी घेते. जिन्यात जाऊन खाते.)

महिनाअखेरच्या तक्त्यात ते एवढेच:
वाचक एक. वस्तू एक. विषय,
मी दरवेळी लिहिते, सिंचन.

फलज आटून बारा वर्षं झाली, हे त्यांनीच सांगितलं.
कुणी म्हणतं पाऊस नाही, कुणी म्हणतं वरच्या अंगाला बोअर मारले.
बोअर म्हणताना त्यांचा आवाज
थेट आमच्या बाबांचा झाला,
वेतोऱ्यात, पोफळींच्या बागेत,
पाटाच्या पाण्यावरून चुलत्याशी अबोला धरलेल्या बाबांचा.
'आज पाळी कुणाची?' या एका प्रश्नावर
आमच्याकडे दोन पिढ्या लग्नपत्रिका गेल्या नाहीत,
घरं एकाच कुंपणाची असून.

एप्रिलात परिपत्रक निघालं. मीच टंकलं.
स्कॅनिंग पूर्ण झालेल्या वस्तूंची मूळ प्रत
वाचकांस देण्यात येणार नाही.
प्रतिमा संगणकावर पाहाव्यात.
गैरसोयीबद्दलची ओळ माझी भर.

मंगळवारी त्यांना पडद्यासमोर बसवलं.
पान एकतीस मोठं करून दिलं,
चष्म्यावाचून दिसेल इतकं. वाळवीचं एकेक भोक दिसत होतं.
त्यांनी बोट धरलं.
काढलं. परत धरलं.
"सावली पडत नाही."
आतून उजेड असतो ना, मी म्हटलं,
जसं काही उजेडाची खरेदी माझ्याच सहीनं झाली होती.
"पाणी आम्ही सावलीनं मोजायचो. काठी रोवून.
रात्री ताऱ्यांवर."
तक्रारीचा अर्ज मागितला नाही.
खजूर ठेवले आणि गेले.

परिपत्रकात कलम चार आहे.
अपवादात्मक परिस्थितीत, कारण नमूद केल्यास.
तेही मीच टंकलं होतं, पण वाचलं नव्हतं.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: सावली.
खोडलं. पेन्सिलच होती, माग राहिला नाही.
लिहिलं: प्रतिमेशी मूळ प्रतीची पडताळणी.
वेळ: पंधरा मिनिटं.

झुवैनाबाईंनी कागद दोनदा वाचला.
"पडताळणी. दर मंगळवारी?"
"अक्षर पुसट आहे, मॅडम."
"पंधरा मिनिटं कुठून काढलीस?"
"वहीतून. अर्धा अथर."

त्यांचं माहेर समाइलचं, तिथेही फलज आहे,
हे मला नंतर कळलं.
तेव्हा फक्त त्यांनी पर्समधून शाईचं पेन काढलं,
माझे पंधरा खोडले,
आणि वर लिहिलं,
पूर्ण.